एका खोलीची वहिवाट

चंदीगडच्या आराखड्याशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या ल कॉर्ब्यूझिए या वास्तुकाराने १९५२ साली, म्हणजे पंजाबच्या नव्या राजधानीचे सचिवालय आणि न्यायालय इकडे आकार घेत असतानाच, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून या गावी स्वतःसाठी लाकडाची एक झोपडी बांधून घेतली. तिची लांबी ३.६६ मीटर, रुंदी तितकीच आणि उंची २.२६ मीटर, आपल्या हिशेबाने बारा फूट बाय बारा फूट, एकंदर १४४ चौरस फूट. मुंबईत वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग या ठिकाणी १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने ज्या २०७ चाळी उभारल्या आणि ज्यांना सर्वजण बीडीडी चाळी म्हणूनच ओळखतात, त्यांतील एका खोलीचे क्षेत्रफळ मात्र १६० चौरस फूट. याचा अर्थ असा की, विसाव्या शतकातील एका अत्यंत मान्यवर वास्तुकाराने स्वेच्छेने पत्करलेली जागा ही गिरणी कामगाराला सरकारने नेमून दिलेल्या जागेपेक्षा सोळा चौरस फुटांनी लहान होती. त्या झोपडीचा समावेश २०१६ साली जागतिक वारशाच्या यादीत झाला आणि चाळी मात्र पाडल्या जात आहेत. पण यात अन्याय झाला असे कोणी समजू नये. झोपडीत उन्हाळ्याच्या दिवसांपुरती एक-दोन माणसे राहत, तिला स्वयंपाकघर नव्हतेच, कारण शेजारच्या खाणावळीत जाण्यास आतूनच एक दार ठेवलेले होते. आणि चाळीतील खोलीत आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळे कुटुंब, शिवाय गावाकडून आलेला एखादा पुतण्या, बारा महिने नांदत असे. खाणावळीला लागून दार असेल तर कोणतीही खोली मोठी वाटेल!

तरीही या तुलनेतून एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध होते, आणि ती अशी की, घर राहण्याजोगे आहे की नाही हे केवळ क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्या झोपडीची जमीन पाहिली तर चार लांबट आयत एका लहानशा चौरसाभोवती चक्राकार मांडलेले दिसतात. एका आयतात बिछाना, एकात टेबल, एकात कपडे ठेवण्याची तजवीज, आणि मधला चौरस मोकळा. जे काही आहे ते भिंतीला लागून आहे आणि मध्यभागावर कोणाचीही मालकी नाही. लहान घराचा सारा प्रश्न माझ्या मते या एका मुद्द्यापाशी येऊन ठेपतो. मोठ्या वाड्यात प्रत्येक कामाला स्वतंत्र दालन देता येते, म्हणजे जेवणाची, झोपण्याची, बसण्या-उठण्याची अशी जमिनीची कायमची वाटणी करून टाकता येते. लहान घरात अशी मालकी कोणाही कामास देऊन चालत नाही, तेथे प्रत्येक कामाला ठरावीक वेळेपुरती वहिवाट तेवढी द्यायची असते, आणि ती वेळ संपली की जमीन पुन्हा सरकारजमा झाली पाहिजे.

आपण घर पाहावयास जातो तेव्हा चौरस फुटांचा हिशेब करतो, पण तासांचा करीत नाही. तो करून पाहिला म्हणजे डोळे उघडतात. दोघांचा एक पलंग साडेसहा फूट लांब आणि सहा फूट रुंद धरला, तर तो सुमारे चाळीस चौरस फूट जमीन व्यापतो. १६० चौरस फुटांच्या खोलीचा हा जवळजवळ चौथा हिस्सा. ही जमीन त्याच्याकडे चोवीस तास राहते आणि खरा उपयोग आठ तासांचा होतो, म्हणजे दिवसाचे दोन तृतीयांश तास चतुर्थांश घर निजलेले असते. आमच्या आज्या-पणज्यांनी हा हिशेब कागदावर कधी मांडला नाही, परंतु पहाट होताच गाद्या उचलून, वळकट्या बांधून, त्या कोपऱ्यातल्या ट्रंकांवर रचून आणि वर एक धुवट चादर पसरून खोली झाडून घेण्याचा जो शिरस्ता त्यांनी घातला होता, त्याच्या मुळाशी हाच हिशेब होता. त्याच जमिनीवर मग मुले पाटी-पुस्तके पसरीत, दुपारी तेथेच पाने मांडली जात, तिसऱ्या प्रहरी तेथेच तांदूळ निवडले जात आणि संध्याकाळी तेथेच सतरंजी टाकून पाहुण्यांस चहा दिला जाई.

ही रीत एकट्या आपलीच आहे असेही नव्हे. जपानी घरात रात्रीची गादी सकाळी भिंतीतल्या खोल कपाटात जाते आणि सुमारे तीन फूट बाय सहा फुटांच्या चटयांनी मढविलेली तीच जमीन दिवसभर बैठकीच्या कामी येते. खोलीचे माप देखील तेथे चटयांच्या संख्येनेच सांगतात, आणि साडेचार चटयांची, म्हणजे सुमारे ऐंशी चौरस फुटांची खोली ही तेथे प्रतिष्ठेने वापरली जाणारी गोष्ट आहे. याच देशात १२१२ साली कामो नो चोमेई नावाच्या विरक्त लेखकाने आपल्या दहा फूट चौरस पर्णकुटीचे वर्णन लिहून ठेवले आहे. सात फुटांहूनही कमी उंचीच्या त्या कुटीत पूजेची जागा, पुस्तके व कागदपत्रे ठेवण्याची फळी, दोन तंतुवाद्ये आणि नेच्याच्या पानांचा बिछाना एवढा सरंजाम होता, आणि सांधे आकड्यांनी जोडलेले असल्यामुळे ती सारी कुटी मोडून दोन गाड्यांवर लादून दुसरीकडे नेता येत असे. संन्याशाचे उदाहरण गृहस्थाला देणे बरोबर नाही, हे मला मान्य आहे. परंतु त्याने प्रत्येक वस्तूला भिंतीची एकेक दिशा नेमून दिली होती, ही गोष्ट गृहस्थानेही ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता, जमिनीवर निजण्याचा हा उपदेश सरसकट सर्वांना करता येणार नाही. साठी उलटलेल्या माणसाचे गुडघे जमिनीवरून उठताना तक्रार करतात, पावसाळ्यात तळमजल्याची फरशी ओल धरते, आणि ज्या घरात कोणी रात्रपाळी करून सकाळी झोपतो तेथे वळकटी बांधायची कधी, हाही प्रश्न असतोच. अशा घरात पलंगाऐवजी दिवाण ठेवावा: अडीच-तीन फूट रुंदीचा, सोळा ते अठरा इंच उंचीचा, भिंतीला लांबीने लावलेला. दिवसा भिंतीशी लोड ठेवले म्हणजे तो बैठक होतो, रात्री लोड काढले की बिछाना होतो, आणि पोटात घरातील साऱ्या अंथरुणा-पांघरुणांचा समावेश होतो. फक्त त्याचे झाकण वरून उघडणारे नसावे. खण पुढून ओढता येणारे असावेत, कारण वरचे झाकण उघडण्यासाठी आधी बसलेल्या आजोबांना उठवावे लागते आणि मग घरातील कोणीही ते उघडीत नाही.

दिवाण कोणत्या भिंतीला लावावा, हे मात्र दिवाण विकत घेण्यापूर्वी ठरवावे लागते. आणि ते ठरते वाटेवरून. प्रत्येक खोलीतून एक अदृश्य रस्ता जात असतो. दार, मोरी, ओटा आणि गॅलरी हे ज्या ठिकाणी असतील त्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषेवरून घरातली माणसे दिवसातून शेकडो वेळा ये-जा करतात, आणि त्या रेषेवर ठेवलेली प्रत्येक वस्तू पायात येते. समजा, खोली दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब आहे. दार आखूड भिंतीच्या डाव्या टोकाला आणि मोरी समोरच्या भिंतीच्या उजव्या टोकाला आहे. मधे काही अडथळा नसेल तर माणसे कर्णाच्या दिशेने चालतात आणि खोलीचे दोन त्रिकोण होतात. त्रिकोणात ना धड पंगत बसते, ना गादी पडते. तेच डाव्या भिंतीच्या कडेने अडीच फुटांचा पट्टा चालण्यासाठी मोकळा सोडला आणि अगदी शेवटी, मोरीपाशीच, वळण घेतले, तर साडेसात फूट रुंदीचा एक सलग आयत शिल्लक राहतो, ज्यातून कोणीही तुडवीत जात नाही. वाटेच्या त्या भिंतीला नऊ-दहा इंचांपेक्षा खोल काही लावू नये. पुस्तकांची उथळ मांडणी, खुंट्या, आरसा इतपतच ठीक. कित्येक घरांत पाहुणा येताच सर्वांनी उठून उभे राहावे लागते, ते केवळ आदरापोटी नव्हे, तर बैठक वाटेवर मांडलेली असते म्हणून.

उजेड आणि वारा यांच्या बाबतीत लहान घरात राहणाऱ्यांचा हात बराचसा बांधलेला असतो, कारण खिडकी कोठे असावी हे बांधणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. जुन्या गिरगावी चाळींत पुढे लाकडी कठड्याची सज्जावजा गॅलरी आणि मागे खिडकी, अशी खोलीला दोन्ही बाजूंनी हवा मिळे. बीडीडी चाळींत मधून बोळासारखी सामाईक वाट आणि तिच्या दोन्ही अंगांना खोल्या अशी रचना केल्यामुळे प्रत्येक खोलीच्या वाट्याला बाहेरची भिंत एकच आली. एकाच बाजूने उघडी असलेली खोली वारा फारसा आत घेऊ शकत नाही. हवा आत येण्यास जशी फट हवी तशी ती बाहेर जाण्यासही हवी, आणि ती समोरच्या भिंतीत असली तर उत्तम. त्यामुळे या चाळींत दारे दिवसभर उघडी राहत, ती निव्वळ शेजारधर्मामुळे नव्हे. समोरासमोरच्या दोन खोल्यांची दारे उघडी असली तरच एका बिऱ्हाडाच्या खिडकीतून शिरलेला वारा वाट ओलांडून दुसऱ्या बिऱ्हाडाच्या खिडकीतून बाहेर पडे. एकाने दार लावून घेतले की दोघेही उकाड्यात. शेजाऱ्यांचे सख्य इमारतीच्या नकाशावर किती अवलंबून असते, याचा हा एक दाखला म्हणता येईल.

राष्ट्रीय इमारत संहितेने दमट-उष्ण हवेच्या प्रदेशात, दारे वगळून, खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या निदान एक षष्ठांश असावे असे सांगितले आहे. कोरड्या-उष्ण प्रदेशात तेच प्रमाण एक दशांशावर येते. मुंबई-कोकणच्या हवेत १६० चौरस फुटांच्या खोलीस या नियमाने सत्तावीस चौरस फुटांची उघडीप हवी. ती नसेल तर काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे दारावरचा झरोका. तापलेली हवा वर चढते आणि दाराच्या चौकटीच्या वर, छताखाली, कोंडून बसते. दार लावल्यावर तिला बाहेर पडण्यास दारावरच्या झरोक्यावाचून दुसरी सोय नसते, आणि नेमका हाच झरोका आपण धूळ येते म्हणून पुठ्ठा ठोकून बंद करतो किंवा त्यापुढे जुन्या सुटकेसा रचतो. दुसरी गोष्ट खिडकीच्या वरच्या भागाची. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जी उंची, तिच्या साधारण दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंतच कामापुरता उजेड आत पोहोचतो, असा वास्तुकारांचा ठोकताळा आहे. म्हणून खिडकीचा सर्वांत वरचा फूटभर भाग हा तिच्या खालच्या दोन फुटांपेक्षा मोलाचा. तोच भाग झालरीने किंवा पडद्याच्या चुण्यांनी झाकणे म्हणजे मिळकतीतील सुपीक तुकडा पडीक टाकण्यासारखे आहे. पडद्याची दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंस हातभर पुढे न्यावी, म्हणजे सरकवलेला पडदा काचेवर न राहता भिंतीवर राहतो. आणि आडोसा हवा असेल तर जुन्या पद्धतीचा अर्धा पडदा खालच्या निम्म्या भागास लावावा.

क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली घरबांधणीच्या आकृतिबंधांचा जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात दोन बाजूंनी उजेड येणारी खोली माणसांना आपसूक आकर्षून घेते आणि एकाच बाजूने उजेड येणारी खोली ती टाळतात, असे एक निरीक्षण आहे. याचे कारण समजण्यास अवघड नाही. एकाच खिडकीचा उजेड असला की खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळा दिसतो, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि संभाषण चालू असूनही परस्परांच्या मुद्रेवरचे भाव नीट कळत नाहीत. दुसरी खिडकी पाडणे आपल्या अधिकारात नसते, परंतु खिडकीला लागून असलेली काटकोनातली भिंत पांढरी ठेवणे असते. चुन्याने किंवा पांढऱ्या रंगाने रंगविलेली भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी बहुतांश परत फेकते, गडद रंगाची भिंत तो गिळून टाकते. त्या लगतच्या भिंतीवर कपाट उभे केले तर खिडकी असून नसल्यासारखी होते, हे फर्निचर मांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते.

स्वयंपाकघर हा लहान घरातील सर्वांत गुंतागुंतीचा विषय होय, आणि त्याचा शास्त्रशुद्ध विचार एका तरुण स्त्रीने केला हे योग्यच झाले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफर्ट शहराने कामगारांसाठी हजारो लहान घरे बांधण्यास घेतली तेव्हा मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुकार स्त्रीने १९२६ साली त्या घरांसाठी एक स्वयंपाकघर रेखिले. रुंदी १.९ मीटर आणि लांबी ३.४ मीटर, म्हणजे जेमतेम सत्तर चौरस फूट. तिच्यापुढे आदर्श होता आगगाडीतील भोजनाच्या डब्याचा, जेथे अतिशय अरुंद जागेत थोड्या माणसांच्या हातून शेकडो पाने वाढली जात. कोणत्या कामाला किती वेळ आणि किती पावले लागतात याचे घड्याळ लावून केलेले मापन, खिडकीखाली बसून भाजी चिरण्याची जागा, चिरलेला पाला खाली पडावा म्हणून तेथेच केलेली खाच, भिंतीतून खाली पडणारी इस्त्रीची फळी, छताला बसविलेल्या पट्टीवरून हवा तेथे सरकविता येणारा दिवा, आणि डाळी, तांदूळ असे जिन्नस सरळ ओतता यावेत अशी मूठ असलेले ॲल्युमिनियमचे खण, अशी त्यातील एकेक योजना पाहिली म्हणजे विस्मय वाटतो. सुमारे दहा हजार घरांत ते बसविले गेले. गंमत अशी की, हे सारे रेखाटीपर्यंत आपण स्वतः कधी घर चालविले नव्हते, स्वयंपाकही केला नव्हता, असे त्या बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे.

पण तिच्या रचनेतील एक उणीव मात्र वापरणाऱ्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नाही: त्या स्वयंपाकघरात एकच माणूस मावत असे. आई आत, मुले बाहेर. शेजारीण आली तर तिने दारात उभे राहायचे. आपल्याकडील एका खोलीच्या बिऱ्हाडात नेमके याच्या उलट असते. ओट्यापासून तीन हातांवर मूल अभ्यास करते, सासूबाई पालेभाजी निवडतात, आणि कांदा परततानाच घरातील अर्धे निर्णय होऊन जातात. म्हणून त्या स्वयंपाकघरातील मापे आपण घ्यावीत, भिंत घेऊ नये, असे माझे मत आहे. ओट्याची उंची ही त्यातील पहिली. उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा ओटा तीन-चार इंच खाली असावा हा ढोबळ नियम. परंतु बांधकाम करणारे सर्व घरांत एकच उंची घालतात आणि बुटक्या गृहिणीचे खांदे त्याची किंमत मोजतात. त्यातही पोळी लाटणे आणि भाकरी थापणे ही कामे वेगळी, कारण त्यांत अंगाचा भार वरून पडावा लागतो. भाकरी थापण्यासाठी अनेक घरांत परात अजूनही जमिनीवर घेतात, ते सवयीमुळे नव्हे, तर ओटा त्या कामास उंच पडतो म्हणून. ओट्याखाली पाच-सहा इंच खालच्या पातळीवर ओढून घेता येणारी एक भक्कम फळी केली म्हणजे हा प्रश्न सुटतो. शेगडी आणि नळाची कुंडी यांच्यामध्ये निदान दोन फूट सपाट जागा हवी. ती नसेल तर चिरलेली भाजी हातात धरून उभे राहावे लागते. आणि शेगडी खिडकीखाली ठेवावी की दाराकडे, हे वाऱ्याला विचारून ठरवावे. मुंबईत वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. पश्चिमेच्या खिडकीखाली शेगडी ठेवली तर फोडणीचा धूर बाहेर न जाता साऱ्या खोलीतून फिरून मग दाराने निघतो, शिवाय ज्योत हलत राहते ती वेगळीच. अशा खोलीत शेगडी वाऱ्याच्या निघण्याच्या बाजूस असणे उत्तम. ते शक्य नसेल तर तिच्यावर हवा बाहेर फेकणारा पंखा लावण्यावाचून गत्यंतर नाही.

सामानाच्या बाबतीत आपल्या जुन्या वाड्यांची एक सोय आज पार नाहीशी झाली आहे. त्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या असत, आणि त्या जाडीतच कोनाडे, दिवळ्या आणि दारांची फडताळे कोरलेली असत. त्यामुळे देवाच्या निरांजनापासून खातेवह्यांपर्यंत सारे काही जमिनीचा एक इंचही न अडविता ठेवता येई. आजची भिंत चार-सहा इंचांची. तिच्यात कोनाडा पाडायचा तर तो शेजाऱ्याच्या घरात निघेल. तेव्हा भिंतीच्या जाडीऐवजी तिच्या उंचीचा आश्रय घ्यावा लागतो. दाराच्या चौकटीच्या वर, सात फुटांवर, एक फूट खोल फळी भिंतीने फिरविली, तर दहा बाय सोळाच्या खोलीचा परीघ बावन्न फूट होतो. खिडकी आणि आणखी काही भाग सोडून चाळीस फूट जरी फळी बसली तरी चाळीस चौरस फूट जागा निर्माण झाली, म्हणजे पलंगाने खाल्ली होती तितकी. मात्र एक भिंत फळीवाचून, खुंटीवाचून, तसबिरीवाचून कोरी ठेवावी. चारही भिंतींवर वस्तू असल्या की डोळ्याला टेकण्यास जागा राहत नाही आणि खोली प्रत्यक्षात आहे त्याहून आखूड भासते.

कोणती वस्तू कोठे, हे तिच्या किमतीवरून न ठरविता ती किती वेळा लागते यावरून ठरवावे. रोजची वस्तू गुडघा आणि खांदा यांच्यामध्ये, महिन्याची त्याखाली, वर्षाची डोक्याच्या वर. आपल्याकडे होते असे की चांगली म्हणून जपलेली कपबशी हाताशी असलेल्या काचेच्या कपाटात मिरविते आणि रोजचा कुकर ओणवे होऊन ओट्याखालून काढावा लागतो. फळ्याही खोल नसाव्यात. ताट मावण्यास बारा इंच पुरतात, पुस्तकास नऊ. दोन फूट खोल कपाटात मागे गेलेली वस्तू पुढील घरबदलाच्या वेळीच भेटते. पोटमाळ्याविषयी थोडक्यात इतकेच सांगतो की, त्याखाली सात फूट उंची सुटत असेल तरच तो घालावा, आणि वर झोपायचे असेल तर झरोका त्याच्या पातळीवर हवा; नाहीतर खोलीतील सर्वांत गरम हवेचा थर त्या झोपणाऱ्याच्या अंगावर पांघरला जातो.

इथवर सोयीचा विचार झाला. परंतु सगळे जागच्या जागी आहे आणि तरीही घरात शिरताच निवांत वाटत नाही, असेही पुष्कळ ठिकाणी आढळते; त्याची कारणे बहुधा दिव्यात आणि आवाजात सापडतात. छताच्या मध्यभागी लावलेली एकच पांढरी नळी साऱ्या खोलीत सारखा उजेड पाडते, आणि सारखा उजेड असला की खोलीचे चारही कोपरे, वाळत घातलेला टॉवेल आणि आईच्या हातातील विणकाम हे सर्व एकाच वेळी, एकाच आग्रहाने डोळ्यांसमोर येते. त्याऐवजी ओट्यावर एक, वाचण्याच्या जागी एक आणि दिवाणाशी एक असे तीन लहान, पिवळसर प्रकाशाचे दिवे बसलेल्या माणसाच्या डोक्याहून थोड्याच उंचीवर लावले, तर जेथे काम चालू आहे तेवढाच भाग उजळतो, बाकीचा मागे सरतो, आणि एकाच खोलीत जणू तीन खोल्या होतात. रात्री मुलगा अभ्यास करीत असता बाकीच्यांना झोपता येते, हा फायदा तर आहेच.

आवाजाचे तसेच. सिमेंटच्या भिंती, लादी आणि काच या तिन्ही कठीण वस्तू ध्वनी परत फेकतात. त्यामुळे चौघे बोलू लागले की बोलण्याचे पडसाद एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येकजण आवाज चढवितो. कापूस, लोकर, कागद यांसारख्या सच्छिद्र वस्तूंत तो शोषला जातो. भिंतीशी रचलेल्या गाद्या, दिवाणावरची गोधडी, जमिनीवरची जाड सतरंजी, पुस्तकांची मांडणी या गोष्टी म्हणूनच केवळ शोभेच्या नव्हेत. रिकाम्या घरात आणि नांदत्या घरात जो फरक कानाला जाणवतो तो त्यांनी केलेला असतो. मात्र खोलीचे दोन भाग करण्यासाठी मधे पातळ पडदा सोडला की बोलणे पलीकडे ऐकू जाणार नाही, ही समजूत खोटी आहे. पडदा दृष्टी अडवितो, ध्वनी अडवीत नाही. नवपरिणीत दांपत्यास चाळीतील पडद्याने कोणता एकांत दिला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. एकांताची किमान गरज याहून साध्या उपायाने भागते: घरातील प्रत्येक माणसाला पाठ भिंतीला टेकवून, दार किंवा खिडकी नजरेत ठेवून बसता येईल अशी एक जागा असावी, आणि हाताशी त्याच्या एकट्याच्या मालकीचा एक खण. एवढीच मालकी लहान घरात क्षम्य आहे, किंबहुना आवश्यक आहे.

आता बीडीडी चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि १६० चौरस फुटांच्या रहिवाशास ५०० चौरस फुटांचे घर मिळत आहे. ही वाढ तिपटीहून अधिक आहे, पण दुकानातील सोफा, जेवणाचे सहा खुर्च्यांचे टेबल आणि दोन पलंग आत आले की वाढलेल्या जमिनीचा मोठा भाग पुन्हा अडतो, हा हिशेब कोणालाही मांडून पाहता येईल. जेवणाचे टेबल हवेच असेल तर भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेले, खाली पाडता येणारे घ्यावे. खुर्च्या घडीच्या घ्याव्यात आणि त्या टांगण्यास दाराच्या मागे खुंट्या माराव्यात.

राहता राहिला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये ज्या घरात खोलीभर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले असतात, त्या घरात वरील सर्व उपाय व्यर्थ होतात, कारण पिळलेल्या कपड्यांतले पाणी जाते ते खोलीच्याच हवेत, आणि रात्री तेच बाहेरच्या गार भिंतीवर आणि कपाटाच्या पाठीमागे जमून बुरशी धरते. दोऱ्यांऐवजी छताला कप्पी लावून वर ओढता येणारी पाच-सहा फुटांची दांडी करावी आणि ती खिडकीच्या बाजूस, पंख्याचा वारा लागेल अशी टांगावी. कपडे जाडसर आधी, पातळ मागून घालावेत, आणि एकदा वर ओढल्यावर डोक्याला लागत नाहीत. खालची खिडकी पावसाने लावून घ्यावी लागली तरी दारावरचा झरोका उघडा ठेवावा. बाहेरच्या भिंतीला लागलेले कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढून घ्यावे, म्हणजे मागून हवा खेळते. आणि मोरीचा कठडा शक्य तर कंबरेइतकाच ठेवावा; छतापर्यंत भिंत नेऊन मोरीची बंद न्हाणी केली की आडोसा मिळतो खरा, पण ओल कोंडते आणि खिडकीचा उजेडही जातो. सरकती मेणकापडाची पडदी तेवढे काम करते.